सणानंतर बघू

दहीहंडीच्या आठवड्यात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर मान वर केली की आभाळ दिसत नाही, भावी नगरसेवक दिसतात. हात जोडलेले, गाल गुळगुळीत, केस दहा वर्षांपूर्वीचे. ही किमया करणारा पोरगा डोंबिवलीतल्या खोलीत रात्रभर कोरलड्रॉ उघडून बसलेला असतो. (मार्गदर्शक काकांचा फोटो लहान आला म्हणून पहाटे तीनला पुन्हा उठवलेला.) प्रिंटिंगवाला रोकड पाहिल्याशिवाय मशीन चालू करत नाही, मांडववाला बांबू हलवत नाही. डिझायनरने काय अडवून धरायचं? फाइल तर केव्हाच पाठवलेली असते. म्हणून त्याला पैशांऐवजी प्रेम मिळतं. "भावा, घरचंच काम आहे!"

सरकारने या भावाची सोय 2006 मध्येच करून ठेवली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा. उद्यम नोंदणी फुकट होते. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असला तरी फार तर 45 दिवसांत पैसे द्यायचे. चुकलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कायदा दिल्लीत झाला, पंचांग कोणी उघडलं नाही. हंडीच्या बिलाचे 15 दिवस भरतात तेव्हा घरोघरी, मंडळोमंडळी गणपती. मग पितृपक्ष, त्या पंधरवड्यात लक्ष्मी घराबाहेर काढायची नसते, असं बॅनरवरच्या भाऊंचं शास्त्र. मग नवरात्रात नाक्यावर आनंद दिघेसाहेबांनी सुरू केलेली देवी येते, नऊ दिवस भाऊ दर्शनाच्या पासांत बुडालेले. पंचेचाळिसावा दिवस उजाडतो तो साधारण दसऱ्याच्या आगेमागे.

दसऱ्याला मात्र भाऊ स्वतः बोलावून घेतात, मिठी मारतात आणि चार माणसांदेखत सोनं देतात. आपट्याचं.

हीच वेळ साधून पोरगा चक्रवाढ व्याजाचा विषय काढतो. भाऊ मनापासून हसतात. "अरे, पालिकेने फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी उतरवला. एका दिवसाचे कसले पैसे? ते दिवाळीनंतर बघू. आणि हो, दिवाळीच्या शुभेच्छांचा बॅनर तूच करायचा. फक्त या वेळी ओपन फाइल दे, म्हणजे पुढच्या वेळी तुला त्रास नको."