बासरी आणि कॅन

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी पाण्याचा जडपणा हा विषय घेतला, कारण सोपे विषय हुशार मुलांनी आधीच पळवले होते. पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. शिवी वाटते, पण अर्थ एवढाच की साबणाला फेस येत नाही. सर म्हणाले, "नमुने मोखाड्याचे आण. मे महिन्यात जा."

कसाऱ्याला उतरलो तेव्हा पाठीवर सॅक, काखेत चादरीत गुंडाळलेली ब्युरेट, म्हणजे मोजमापाची लांब काचेची नळी, आणि हातात पाच लिटरचा कॅन. खोडाळ्याच्या जीपमध्ये मला कोंबताना ड्रायव्हरने विचारलं, "बासरी काय?" मी हो म्हणालो. जडपणा मोजण्याचं ई.डी.टी.ए. अनुमापन समजावण्यापेक्षा ते सोपं होतं. "आणि कॅनमध्ये?" "पाणी." जीप एकदम गप्प झाली. इथे दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतात, पण हातात धरून आणलेला टँकर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. ते डिस्टिल्ड वॉटर होतं. त्याशिवाय माझी द्रावणं होणार नव्हती.

पावसाळ्यात जव्हार-मोखाड्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. काळ्या कातळात तो फारसा मुरत नाही, उतारावरून वैतरणेकडे पळतो. हे मला पाठ होतं. पहाटे विहिरीत उतरल्यावर दिसलं ते वेगळंच. तळाशी झऱ्याजवळ एक बाई वाटीने पाणी हंड्यात भरत होती आणि वर सात हंडे रांगेत होते. मी अर्ध्या लिटरची बाटली पुढे केली.

"कशाला रं?"

"मावशी, पाणी जड आहे की हलकं, ते तपासायचंय."

"हंडा डोक्यावर घे. कळंल."

बाटली मात्र तिने स्वतः भरून दिली, वाटी वाटीने.

अशा सहा बाटल्या घेऊन मुक्कामाच्या घरी परतलो, तर कोरा चहा तयार. रंग असा सुरेख की मुंबईत कधी पाहिला नव्हता. कॅन कोपऱ्यात आडवा पडलेला.

"ताई, यातलं पाणी?"

"टाकलं चहाला, भाताला. आमच्या पाण्यानं तुझं पोट बिघडलं म्हंजे? पण तुमच्या मुंबईच्या पाण्याला चवच नाय."

क्षार काढलेल्या पाण्याचं याहून अचूक परीक्षण मला अख्ख्या प्रबंधात जमलं नाही. फक्त 'तुमच्या मुंबईच्या' हे चुकलं. मध्य वैतरणेचं 102 मीटर उंचीचं धरण 2014 साली पुरं झालं ते याच तालुक्यात, कोचाळ्याजवळ, आणि पाणी जातं मुंबईला. म्हणजे आमच्या लॅबच्या नळाला आलेलं इथलंच पाणी उकळून, थंड करून, जीपचं भाडं भरून मी परत आणलं होतं.

अनुमापन मुंबईतच करावं लागलं. मोखाड्याचं तीन लिटर पाणी मी सॅकमधून मुंबईला नेलं. महापालिका हेच काम जरा मोठ्या प्रमाणावर करते.

रिकामा कॅन परत मागितला नाही. त्यात आता नागलीचं बियाणं आहे.