जुलैचा माणूस

पुण्यातल्या कुठल्याही डेव्हलपर मेळाव्यात हे गृहस्थ भेटतात. ओळख करून देताना आडनावाच्या आधी 'सात वेळचा एमव्हीपी' येतं. नोकरी कुठे करतात हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतं. मायक्रोसॉफ्टच्या मालाविषयी जगाला फुकट शिकवणाऱ्या बाहेरच्या माणसांना कंपनी १९९३ पासून हा 'मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल' किताब देते. पगार नाही. काचेचं मानचिन्ह मिळतं आणि मुदत एक वर्षाची. सगळी गोम या मुदतीत आहे.

शनिवारी सकाळी हिंजवडीत साहेबांचं व्याख्यान असतं. नावं साठ जणांनी नोंदवलेली, आलेले अठरा, त्यातले निम्मे टी-शर्टसाठी. साहेब आधी खुर्च्या मोजतात. मग "पुढे या रे सगळे, जरा चिकटून बसा," म्हणत मागच्या रिकाम्या रांगा दिसणार नाहीत अशा बेताने फोटो काढून घेतात. पहिली स्लाइड लागायच्या आत तो लिंक्डइनवर चढलेला असतो, वर 'हम्बल्ड अँड ऑनर्ड'. व्याख्यानाचं म्हणाल तर, गेल्या वर्षीचंच. शीर्षकात तेवढं 'एआय' घुसलंय.

किताब टिकवायचा तर केलेलं सगळं वर्षभर फॉर्मात भरावं लागतं. भाषणं किती, लेख किती, ऐकणारे किती. कुणाच्या शंकेला उत्तर दिलं की पाचव्या मिनिटाला त्याला निरोप जातो, "बरोबर असेल तर टिक कर ना." आता हा मोजणीचा सोस काही त्यांचा एकट्याचा नाही. या किताबाच्या मुळाशीच एक मोजदाद आहे: कॉम्प्युसर्व्ह या जुन्या ऑनलाइन सेवेवर कोण किती लिहितो याची कॅल्व्हिन शिया यांनी काढलेली यादी. तिला गमतीने सर्वाधिक बडबड्यांची यादी म्हणत.

पूर्वी स्वतःचं नाव स्वतःच पुढे करता यायचं. आता शिफारशीला विद्यमान एमव्हीपी किंवा कंपनीचा कर्मचारी लागतो, आणि तेव्हापासून साहेबांना जो भाव आलाय! तिकीटवाटपाच्या दिवसांत आमदाराभोवती असते तशी पोरं भोवती असतात. "बघू, काम चालू ठेव," एवढंच ते म्हणतात. एकाचं काम फारच चालू राहिलं, त्यालाही किताब मिळाला. महिन्याभरात त्याने वेगळा ग्रुप काढला. त्याचे मेळावेही शनिवारीच असतात, आणि समोसे गरम असतात.

कंपनीच्या रेडमंडच्या मुख्यालयातल्या एमव्हीपी संमेलनाहून परतले की आठवडाभर साहेबांशी बोलणं अशक्य. काहीही विचारा, मंद हसून म्हणतात, "माहितीये, पण एनडीए आहे." म्हणजे गुप्ततेचा करार. कँटीनमध्ये आज भाजी कोणती, यालाही हेच उत्तर मिळालेलं आहे.

जून उतरला की चेहरा उतरतो. नूतनीकरणाचा निकाल जुलैत. निकालाच्या रात्री जेवणाच्या ताटाशेजारी फोन उघडा. धास्तीला जुना आधारही आहे: १९९९ साली कंपनीने ही योजनाच गुंडाळायला घेतली होती. ओरड झाली म्हणून वाचली. हा इतिहास साहेब अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पानशेतचं धरणच फुटलं.

यंदा मात्र वेगळाच पेच पडलाय. खुद्द मायक्रोसॉफ्टकडूनच नोकरीची ऑफर आली. पगार दीडपट. वहिनींनी पेढे वाटले. पण कंपनीच्या कर्मचाऱ्याला एमव्हीपी राहता येत नाही. साहेबांनी विचार करायला मुदत मागून घेतली आहे.