बेगमीवाले भाऊ

कोकणातल्या वाडीवाडीत आता एक तरी भाऊ भेटतात. मुंबईत बँकेत, पोस्टात नाहीतर म्युन्सिपाल्टीत आयुष्य काढून, डोंबिवलीची जागा मुलाच्या ताब्यात देऊन गावी परतलेले. लोकलच्या दारात लोंबकळत तीस-पस्तीस वर्षं गावच्या आंब्याविषयी बोललेले. परतल्यावर पहिलं वर्ष घराच्या डागडुजीत जातं, दुसरं बांधावरच्या भांडणात. तिसऱ्या वर्षी त्यांना बेगमीचा नाद लागतो.

बेगमी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या होतेच, पण ती बायकांनी गाजावाजा न करता उरकायची गोष्ट होती. पुरुषाचं काम रतांबे काढून देण्यापुरतं, आणि मग वर्षभर खाण्यापुरतं. भाऊंनी त्यात हिशेब आणला. आमचे भाऊ बँकेतले. वैशाखात त्यांचं खळं बघावं. कैरीच्या फोडी आंबोशीसाठी सुपांत, बरक्या फणसाचा रस पोळ्यांसाठी ताटांत, रतांब्याची सालं रसाचे पुट खात चटईवर, आणि एका कोपऱ्यात वहिनींच्या भरल्या मिरच्या, ज्यांना हात लावायची भाऊंना परवानगी नाही. कावळ्यांसाठी काळं फडकं, मांजरासाठी काठी आणि वळवाच्या सरीसाठी भाऊ जातीनं हजर. डोंगरावर ढग दिसला की त्यांची हाक खालच्या वाडीपर्यंत जाते. मृग निघतो ७ जूनच्या आसपास. भाऊंच्या लेखी तो ३१ मार्च. त्याच्या आत सगळा माल माळ्यावर चढला पाहिजे.

माळ्यावरच्या प्रत्येक बरणीला दादरा बांधलेला आणि दादऱ्याखाली चिठ्ठी: पदार्थ, तारीख, झाड. झाड म्हणजे 'विहिरीजवळचा रायवळ' किंवा 'चुलत्यांच्या हद्दीत झुकलेला, पण आपला'. सोबत एक वही. त्यात जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. पाहुणा लोणच्याची फोड दुसऱ्यांदा मागतो तेव्हा भाऊ खूश होतात, पण त्यांचा हात नकळत खिशातल्या पेनाकडे जातो.

असा हा भरला संसार चालला असताना गावच्या देवळात आरोग्य शिबिर भरलं. भाऊ गेले ते आपल्याला काही नाही हे लिहून आणायला. परत आले ते कागद घेऊन. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. ती ६.५ किंवा त्याहून वर गेली की मधुमेह म्हणतात. भाऊंची ८.१ निघाली. रक्तदाबही वर. तालुक्याच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी शांतपणे लिहून दिलं: साखर-गूळ बंद, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, तळलेलं बंद, लोणची-पापड बंद.

भाऊंनी घरी येऊन एका हातात तो कागद आणि दुसऱ्या हातात वही धरली. माळा आडवा झाला. मुरांबा साखरेत गेला, खारातल्या कैऱ्या मिठात, तळलेले गरे तेलात, आणि लोणचं तर मीठ आणि तेल दोन्हींत सापडलं. एका कोकमाची काय अवस्था बघा. आगळात मीठ म्हणून ते बंद, अमृत कोकमात साखर म्हणून तेही बंद. बियांचं तेल तेवढं सुटलं, तेही टाचांच्या भेगांना लावतात म्हणून.

"हिनं माझी वही बघून कागद लिहिलाय," भाऊ म्हणाले.

खरं तर त्यात डॉक्टरीणबाईंचा दोष नव्हता. पदार्थ टिकवायचा म्हणजे त्यातलं पाणी बुरशीला आणि जंतूंना मिळू द्यायचं नाही. मीठ आणि साखर ते पाणी ओढून धरतात, ऊन ते उडवून लावतं, आणि लोणच्यावर उभं राहिलेलं तेल हवा आत येऊ देत नाही. म्हणजे जिथे बुरशीला जगता येऊ नये अशी भाऊंनी चोख व्यवस्था केली होती, तिथेच आपणही फार काळ जगणार नाही, असं त्यांना उतारवयात सांगण्यात आलं. हे ऐकून कोणाचाही विज्ञानावरचा विश्वास उडेल.

पण भाऊ बँकेतले. अर्ज फेटाळला गेला तरी त्रुटी दूर करून पुन्हा सादर करता येतो, हे त्यांना ठाऊक. त्यांनी माळ्याची फेरतपासणी लावली. आंबोशी नुसती उन्हात वाळवलेली, ती बिनशर्त मंजूर. कुळीथ मंजूर. आमसुलाला मिठाच्या रसाचे पुट असले तरी आमटीत पडतात दोनच, म्हणून तात्पुरती मंजुरी. फणसपोळीवर मात्र माजघरात सुनावणी झाली.

"हिच्यात साखरेचा कण नाही. हे फळ आहे. डॉक्टरांनी फळ खा म्हटलंय."

"एक फळ म्हटलंय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या त्या हाताएवढ्या पोळीत किती गऱ्यांचा रस आटलाय? उन्हानं पाणी नेलं, साखर इथंच ठेवली."

मोरावळ्याचं प्रकरण आणखी चिघळलं. आवळा औषधी, हे भाऊंचं म्हणणं. वहिनींनी पाकातून आवळा काढला, नळाखाली स्वच्छ धुतला आणि पुढ्यात ठेवला. "घ्या औषध." भाऊंनी तो खाल्ला, पण तोंड वाकडं करून.

त्यानंतर वाचनाचा काळ आला. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत दीक्षित की दिवेकर असा वाद पेटला होता. भाऊ तेव्हा नोकरीत होते, त्यामुळे त्यांचा तो राहून गेला होता. तो त्यांनी आता एकट्यानं, दोन्ही बाजूंनी घातला. आधी डॉ. जगन्नाथ दीक्षित. दोनदाच जेवा, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवा, ५५ मिनिटांत आटपा. भाऊंना यातला ५५ हा आकडा आवडला. तो मर्यादा म्हणून सांगितलेला आहे, भाऊंनी तो कोटा म्हणून वापरला. पानाशेजारी घड्याळ ठेवून चोपन्नाव्या मिनिटाला "ती आंबापोळीची डबी इकडे सरकव" म्हणणारा माणूस मी पाहिलेला आहे. मधल्या वेळात पातळ ताक चालतं असं कळल्यावर, सोलकढी ही ताकाची सख्खी बहीण आहे, असाही एक युक्तिवाद त्यांनी करून पाहिला. पुढे ऋजुता दिवेकर वाचल्या. त्या सांगतात, आपल्या मातीतलं, आपल्या आजीनं खाल्लेलं खा. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आजी तुमची पहाटे उठून विहिरीचं पाणी शेंदायची," वहिनी म्हणाल्या. "उद्यापासून पंप बंद करू का?"

शेवटी भाऊ स्वतः चुलीपाशी उभे राहिले. निवृत्त पुरुष स्वयंपाकघरात शिरला की पदार्थ कमी आणि पातेली जास्त होतात, पण भाऊंच्या चिकाटीला तोड नाही. खारातली कैरी त्यांनी रात्रभर पाण्यात घातली. सकाळी पाणी बदललं, दुपारी बदललं, संध्याकाळी पुन्हा बदललं. मीठ पार गेलं. मग त्या कैरीची डाळ केली, चव घेतली आणि, काहीतरी कमी लागतंय म्हणून, वरून मीठ घातलं. त्या दिवशी वहिनींनी मिठाची बरणी उचलून देवघरात नेऊन ठेवली. तिथे भाऊ फारसे जात नाहीत.

न्यायाला धरून सांगायचं तर काही गोष्टी झकास जमल्या. आंबोशी घातलेली कुळथाची पिठी, वर लसणीची अगदी थेंबभर तेलातली फोडणी, शेजारी भात मोजका. फणसाच्या आठळ्या भाऊ लाल मातीत घोळवून ठेवतात. त्या श्रावणात काढून, धुऊन, उकडून शेवग्याच्या पाल्याच्या भाजीत घातल्या. ते जेवण मी जेवलो आहे आणि त्याला पथ्य म्हणणं मला पटत नाही. अर्थात आठळीतही पिष्ट असतंच. वहिनी त्या मोजून वाढतात, भाऊ मोजून घेतात, आणि दोघांची मोजणी जुळत नाही.

एवढं झाल्यावर पुढच्या वैशाखात भाऊ निम्मी बेगमी करतील असं सगळ्यांना वाटलं. भाऊंनी पूर्वीइतकीच केली. मी विचारलं तर म्हणाले, "झाडाला कुठे पथ्य सांगू? त्यानं धरायचं तेवढं धरलंच ना? ते काय खाली कुजू देऊ?" यावर उत्तर नाही. चाळीस पन्हळी पत्र्यांवर टपटप पडणाऱ्या रायवळांच्या आवाजात ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना तर नाहीच.

मग उरलेला माल वाडीत वाटला जाऊ लागला. खर्चाची बाजू भरभरून वाहिली. ज्याच्या त्याच्या घरी मुरांबा पोचला, ज्याच्या त्याच्या घरी आगळाची बाटली. पुढच्या शिबिरात वाडीतल्या आणखी तिघांची साखर वर निघाली, तेव्हा भाऊंनी मान डोलावत सांगितलं की आजकाल लोक खाण्यावर ताबा ठेवत नाहीत. त्यांची स्वतःची ७.२ वर आली होती. याचं श्रेय ते आंबोशीला देतात. वहिनी माळ्याच्या शिडीला देतात, कारण ती त्यांनी शेजारच्या घरात नेऊन ठेवली आहे.

यंदा भाऊंनी एक नवीन माल काढलाय: निम्म्या मिठाचं, बिनतेलाचं, मधुमेह्यांसाठी खास कैरीचं लोणचं. मीठ कमी केलं की बुरशीला रान मोकळं होतं, हे आपण वर पाहिलंच. भाऊ म्हणतात फ्रीजमध्ये ठेवू. आषाढात आमच्याकडे वीज जाते ती कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, हे ते विसरतात. तेव्हा पावसाळ्यात या बाजूला आलात तर भाऊंकडे जरूर जा. आंबोशी देतील, घ्या. फणसपोळी देतील, तीही घ्या. कमी मिठाचं म्हणून काही दिलं, तर मात्र खळ्यातच दादरा सोडा आणि आधी वास घ्या.