नववीतल्या शोकाकुल भाच्यास

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद आणि तेवढंच सांत्वन. शाळा सुरू झाल्याची दुःखद वार्ता इथे कळंबात कळली. पत्र मुद्दाम खुलं ठेवलंय. धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत या आठवड्यात तुझ्यासारखी पुष्कळ पोरं सुतकात आहेत, त्यांनाही वाचता यावं.

यंदा, म्हणजे २०२५ साली, १५ जूनला रविवार आला. तुला एक दिवस वाढवून मिळाला, पण सोळा तारीख काही टळली नाही. पहिलीच्या लेकरांना गुलाबाचं फूल देतात, कुठे कुठे बैलगाडीतून मिरवतात. नववीतल्या पोराला फूल कोण देणार? त्याला फार तर विचारतात, केस कधी कापणार.

त्यात घरातच शत्रुपक्ष. तुझी धाकटी बहीण, इयत्ता सातवी. तिने चार दिवस आधीच दप्तर धुऊन वाळत घातलं, गणवेशाची उसवलेली बाही शिवली आणि वह्यांना कव्हरं घालून तुझ्याही मागितल्या. हा छळ नाही तर काय! तू म्हणालास, "आत्या, पहिले आठ दिवस कोण शिकवायलंय?" मुद्दा बिनतोड आहे.

सरकारही तिच्याच बाजूचं. मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट. तुला सवलत ६६.६६ टक्के, म्हणजे एक तृतीयांश भाडं घरच्यांनीच भरायचं. यंदापासून पासही शाळेतच मिळणार, त्यामुळे पासाच्या रांगेत अर्धा दिवस घालवण्याची सोयही गेली. तिची पुस्तकं फुकट, कारण ती योजना आठवीपर्यंतच. तुझी विकत. अन्यायाची ही यादी तू पाठ केलीस, एवढं पाठांतर इतिहासाचं कधी झालं नव्हतं.

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही तू शोधून काढलास: सक्तीचं शिक्षण सहा ते चौदा वयापर्यंत. तुला पंधरावं लागलं. कायद्याच्या तावडीतून तू सुटलास, आईच्या नाही. केंद्राने २०१८ साली आपला जिल्हा 'आकांक्षित' म्हणून निवडला. उद्या कुणी आकांक्षा मोजायला दारात आलंच, तर बहिणीला पुढे कर आणि तू बाजेखाली जा.

आता तिच्या उत्साहाबद्दल. तिला अभ्यासाची फार गोडी आहे, असं गावभर सांगतात. मला तसं वाटत नाही. भूगोलाचं पुस्तक तिलाही जड जातं. मे महिन्यात मी तुमच्याकडे होते, तेव्हा जे पाहिलं ते सांगते. तू नऊला उठून, चहा पिऊन मैदानावर. ती त्याआधीच हापशावर, मग झाडलोट, मग भांडी, मग वहिनींसोबत भाकरी. दुपारी तू मोबाईलवर. तेव्हा ती ओलं गोणपाट अंथरून घरच्या सोयाबीनची उगवण तपासत बसलेली. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, मध्ये बोटभर अंतर, वरून दुसरं गोणपाट, हलक्या हाताने गुंडाळी. रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभराने उलगडून मोड आलेले दाणे मोजायचे; शंभरात सत्तर उगवले तर बियाणं पेरायला चालतं. चौऱ्याहत्तर निघाले. खराब दाणे तिने वेगळे काढले, आकडा भिंतीवर कोळशाने लिहिला आणि कुणी न सांगता शेण काढायला गेली. तू त्या मोडांचा फोटो काढून 'आपलं बियाणं, आपला अभिमान' असं स्टेटस ठेवलंस. सत्तावन्न जणांनी पाहिलं म्हणे.

तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी तुला लागली होती. तिची लागते सोळा जूनला, एसटीत खिडकीची जागा मिळाली की. पाच-सहा तास एका जागी बसायचं, मैत्रिणींशी बोलायचं, आणि जेवण झाल्यावर स्वतःचंच ताट तेवढं धुवायचं. एवढ्यासाठी कुणीही दप्तर धुईल रे.

तुझं दुःख मात्र खरं आहे, म्हणून तुझ्या वडिलांशी बोलून ठेवलंय. पेरणी उरकेपर्यंत तू खुशाल घरी राहा. फक्त तुझी सुट्टी संपली. शिल्लक आहे ती बहिणीची, तीच घ्यावी लागेल. साडेपाचला उठून आधी हापसा, कारण नंतर नंबर लागत नाही. दोन हंडे पिण्याचे, बाकीचे वापरायचे. गोठ्यातल्या तांबडीला पाठीमागून जाऊ नकोस, ती लाथ मारते. भाकरी येत नाही म्हणालास, तर तव्यापुढे बसलं की येते. बहिणीला तशीच आली, दहाव्या वर्षी. दुपारची भांडी ऊन उतरायच्या आत घासलीस, तर संध्याकाळी मैदानावर जायला बंदी नाही, अंधार पडला नसेल तर.

काय ठरवतोस ते दोन ओळी लिहून कळव. चिठ्ठी बहिणीच्या हाती दे, माझं घर तिच्या शाळेच्या वाटेवरच आहे आणि तिला तिकीट पडत नाही.

तुझी,
आत्या