मसुद्यातला कारकून

स्कालाच्या 'एफएस२' लायब्ररीत रॅबिटएमक्यूच्या रांगेवर कन्झ्युमर नेमणे म्हणजे बारनिशीवर कारकून नेमण्याचा केवळ मसुदा लिहिणे होय. कारण तेथील प्रवाह हे कृतीचे वर्णन असते, कृती नव्हे, आणि शेवटी 'कंपाइल.ड्रेन' लिहून ते चालविणाऱ्याच्या हवाली केल्यावाचून रांगेतला एक कागदही हलत नाही. कारकून रुजू झालाच, पण काम उरकूनही पोच द्यायला विसरला, तर जोडणी तुटताच तेच टपाल पुन्हा रांगेत उभे राहते. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधील शुद्धतेचा हा सोवळा संप्रदाय दुष्परिणामांना (साइड इफेक्ट्सना) हद्दपार करीत नाही. अखेरच्या ओळीपर्यंत त्यांना ओसरीवर तिष्ठत ठेवतो, इतकेच. तेव्हा वाचकहो, मसुद्याखाली अंमलबजावणीची ओळ आहे ना, तेवढे पाहा. कंपायलर त्याविषयी बहुधा चकार शब्द काढीत नाही.