अमरभाषेचे मार्क

संस्कृत मेली म्हणणाऱ्यांनी एकदा आठवीच्या पालकसभेला जाऊन बसावं. तिथे प्रश्न एकच असतो : फुल घ्यायचं की कंपोझिट? फुल म्हणजे शंभर मार्कांचं संस्कृत, कंपोझिट म्हणजे पन्नास मार्कांचं, उरलेल्या पन्नासात हिंदी. अनुभवी पालक सांगतात, फुलच घ्या, स्कोअरिंग आहे. निबंधावर परीक्षक मार्क कापतो. रूप मात्र बरोबर असतं किंवा चूक. पाणिनीने चार हजारांच्या आसपास सूत्रं रचली ती आपल्या बंड्याची टक्केवारी वाढावी म्हणूनच, याबद्दल क्लासवाल्यांच्या मनात शंका नाही.

शिवाय बोर्डही दयाळू. कित्येक प्रश्नांवर 'माध्यमभाषया उत्तरत' अशी आज्ञा असते. म्हणजे उत्तर खुशाल मराठीत किंवा इंग्रजीत लिहा. आज्ञा तेवढी संस्कृतात.

निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि अकरावी सायन्सला मुलगा दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेतो. का? तेही स्कोअरिंग आहे. देवभाषेची सद्दी तीन वर्षांची.

पुढची जबाबदारी वडील घेतात. ते सोसायटीच्या ग्रुपवर कळवतात, की कॉम्प्युटरला सर्वांत योग्य भाषा संस्कृत, असं नासाने मान्य केलंय. मूळ गोष्ट एवढीच, की १९८५ साली नासाशी संबंधित रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने 'एआय मॅगझिन'मध्ये एक लेख लिहिला. यंत्राला वाक्याचा अर्थ समजावण्याची पद्धत आणि आपल्या वैयाकरणांनी केलेली वाक्याची फोड यांत साम्य आहे, असं त्याचं म्हणणं. लेख वाचण्यासारखा आहे. पण तो इंग्रजीत आहे, आणि फॉरवर्ड करायला वाचावा लागत नाही.

जनगणनेची तऱ्हा आणखी न्यारी. १९९१ साली ४९,७३६ जणांनी मातृभाषा संस्कृत सांगितली. २००१ मध्ये उरले १४,१३५. पस्तीस हजार माणसं आईची भाषा कुठे विसरून आली कोण जाणे! २०११ ला आकडा पुन्हा २४,८२१. दहा-दहा वर्षांनी मनःस्थिती पाहून ठरणारी मातृभाषा जगात दुसरी नसावी.

या सगळ्या धामधुमीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही मंडळी मुकाट बसून काम करताहेत. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचा घाट घातला. वेदांपासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले, लाखो चिठ्ठ्या लिहून झाल्या. प्रत्येक शब्द कुठे आला, कोणत्या अर्थाने आला, तो अर्थ कसा पालटत गेला, हे सगळं त्यात. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर भागांमागून भाग, हजारो पानं, आणि तरी गाडी 'अ'वरच. हसू येतं खरं. पण संस्कृतच्या वाट्याला आलेलं प्रेम आणि तिच्यासाठी बसून काम करणारी माणसं यांचं प्रमाण पाहिलं, तर 'अ'पर्यंत पोचले हेच पुष्कळ. या कामात मार्क नाहीत, मेसेज नाहीत. पगाराचंही कुणी हेवा करावा असं काही ऐकिवात नाही.

तेव्हा शंभरपैकी शंभर मिळवलेल्यांना आणि त्यांच्या तीर्थरूपांना एक विनंती. डेक्कन कॉलेज येरवड्याला आहे. नासापेक्षा जवळ पडतं. 'आ' यायचा बाकी आहे, आणि तिथे संस्कृत येणारी माणसं लागतात.