जुनी पिकअप घरच्या घरी नवी करा : नवशिक्यांसाठी सोपी कृती

प्रथम घरात सांगा की काम दोन रविवारांचं आहे. कोणते दोन, ते सांगू नका.

साहित्य

एक पिकअप. आमची १९८८ची, महिंद्राची, पुढून जीप आणि मागे हौदा, फोर बाय फोर. तीन अक्षरी नंबरची, म्हणजे १९८९मध्ये एमएचची मालिका सुरू झाली त्याच्या आधीची. अशी पाटी दिसली की काही पुरुषांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या अवस्थेत व्यवहार करू नये. मी केला. गाडी कराडजवळच्या एका मळ्यात पाचटाखाली होती आणि हौद्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. त्यामुळे पैसे दिल्यावर ताबा एकवीस दिवसांनी मिळाला.

विकणाऱ्याची भाषा आधी शिकून घ्या. ‘चालू कंडिशन आहे’ म्हणजे एके काळी होती. ‘किरकोळ काम आहे’ म्हणजे इंजिन उतरवावं लागेल. ‘फक्त बॅटरी नाही’ म्हणजे वायरिंगही नाही, ते उंदरांनी नेलं. ‘शौकिनाची गाडी आहे’ म्हणजे शौकिनाच्या बायकोने विकायला लावली.

गाडीच्या आधी कागद बघा. चासीवर ठोकलेला नंबर रॉकेलच्या बोळ्याने पुसून आरसी बुकाशी ताडून पाहा. एकेक अंक, मोठ्याने. पुढे गंज काढायला हातात ग्राइंडर येईल तेव्हा याच जागेवर आधी चिकटपट्टी लावा. नंबर घासून निघाला तर चकचकीत चासी असलेली, पण सरकारदरबारी अस्तित्वात नसलेली गाडी तुमच्या अंगणात उभी राहील.

याशिवाय एक जॅक आणि दोन दणकट घोड्या. गाडी विटांवर चढवून खाली शिरू नका. या लेखात चेष्टा पुष्कळ आहे, हे वाक्य चेष्टेतलं नाही. वीट फुटण्याआधी आवाज देत नाही.

पायरी पहिली : एक नट सोडवा

सोपं वाटतं. चौदाचा पाना घ्या, बसत नाही. पंधराचा घ्या, बसतो, फिरतो आणि नटाचे कोपरे गोल करून परत येतो. असं का होतं हे समजायला थोडा इतिहास लागतो. महिंद्रांनी १९४७च्या सुमारास मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तीच जीप पुढे आपली झाली, पण तिचं माप इंचातच राहिलं. नंतर तिच्यात प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, २११२ सीसीचं, बासष्ट हॉर्सपॉवरचं. ते फ्रेंच, म्हणून मिलिमीटरमधलं. म्हणजे सांगाडा अमेरिकेचा, काळीज फ्रान्सचं, आणि मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या ज्या गॅरेजांतून गाडी गेली तिथे डब्यात जे हाताला लागले ते बोल्ट.

तुम्ही ज्याच्याशी झटत आहात तो नट ९/१६ इंचाचा आहे. मिलिमीटरमध्ये १४.२९. चौदात मावत नाही आणि पंधरात खेळतो. आमच्या वस्तादांना हे गणित माहीत नाही आणि गरजही नाही. ते गाडीखालून नुसता हात बाहेर काढून म्हणतात, “साडेचार सूत.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, साडेतीन म्हणजे ७/१६. गावातल्या चांगल्या मिस्त्रीच्या बोटांना सूत कळतं. नटावरून अंगठा फिरवला की आकडा तोंडातून येतो. हे तुम्हाला या जन्मी येणार नाही. दोन्ही मापांचे पाने विकत घ्या.

आता चाकाचे नट. उजवीकडचे सुटतील. डावीकडे या, आणि थांबा. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलट आटे असतात, म्हणजे तुम्ही ज्या दिशेला सोडवताय त्या दिशेला ते आवळतात. मी पान्याला तीन फुटी पाइप जोडून त्यावर उभा राहिलो. माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलो. स्टड मुळापासून तुटला तेव्हा वस्ताद चहा पीत होते. बशीतला शेवटचा घोट संपवून म्हणाले, “सायेब, डाव्या अंगाचं उलटं असत्यात.”

“वस्ताद, आधी सांगायचं ना!”

“आधी तुमी विचारलं न्हाई.”

पायरी चौथी : पत्रा

दुसरी आणि तिसरी पायरी का गाळली, असं वाचक विचारतील. त्या चौथीत गेल्यावरच कळतात, म्हणून.

फ्रिजवरचं एक चुंबक घ्या. आमच्याकडे महाबळेश्वरचं, प्लॅस्टिकच्या स्ट्रॉबेरीचं होतं. ते दारावरून, मडगार्डवरून, हौद्याच्या बाजूंवरून हळूहळू फिरवा. चिकटलं तिथे लोखंड आहे. घरंगळून खाली पडलं तिथे लांबी आहे. आमच्या उजव्या मडगार्डवर स्ट्रॉबेरी एकदाही चिकटली नाही. घासपेपरने एक थर काढला तर पांढरा रंग, त्याखाली निळा, त्याखाली पोपटी, त्याखाली दोन बोटं लांबी आणि त्या लांबीत कोंबलेलं वर्तमानपत्र. वर्तमानपत्रावर साडीच्या सेलची जाहिरात होती. बायकोने ती उभ्याउभ्या पूर्ण वाचली. या सगळ्या खटाटोपातला तिचा एवढाच आनंदाचा क्षण.

पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आरपार गेला तर तो पत्रा नाही, तपकिरी रंगाची आठवण आहे. कुजलेलं कापून नवीन पत्रा वेल्ड करा, वर लांबीचं लिंपण नको. वेल्डिंगच्या आधी डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा. बॅटरीची तार काढा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोक्याची, कारण आत वाफ असते, आणि तिला डाग द्यायला निघालेला उत्साही मनुष्य दर तालुक्यात एक तरी असतो.

पायरी दुसरी : ब्रेक

ही आता करा. नवशिके इंजिनापासून सुरुवात करतात, कारण इंजिन आवाज करतं. पण न चालणारी गाडी कोणाला धडकत नाही. चालणारी आणि न थांबणारी धडकते. चारही चाकांना ड्रम आहेत. ते उघडल्यावर आतली काळी भुकटी फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. ब्रेक ऑइल नव्या रंगावर सांडू नका, ते रंग खातं. हे मी चौथ्या पायरीनंतर दुसरी केल्यामुळे शिकलो.

पायरी तिसरी : पुन्हा पहिली

स्टड बदलताना हब उघडलं, हबात बेअरिंग गेलेलं, बेअरिंग काढताना ऑइल सील फाटलं, सील आणायला गेलो तर दुकानदाराने विचारलं, “किंग पिन बघितली का?” बघितली नव्हती. बघितल्यावर न बघितल्यासारखं करता आलं नाही. जुन्या गाडीत एकटा असा कुठलाच नट नसतो. प्रत्येकाला भाऊबंद आहेत, आणि एकाला बोलावलं की सगळे पंगतीला बसतात. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जावं लागतं. जुना भाग सोबत न्या. “जीपचं बेअरिंग द्या” एवढंच म्हटलंत तर दुकानदार तुमच्याकडे दयेने बघेल आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळेल.

पायरी पाचवी : इंजिन

या डिझेलला हीटर प्लग आहेत. चावी अर्धी फिरवून वीस आकडे मोजा, मग स्टार्टर मारा. चालू झालं नाही तर एअर धरली आहे असं म्हणा. दहापैकी सात वेळा बरोबर निघेल आणि उरलेल्या तीन वेळाही माहितगार वाटाल. एअर काढायची ती अशी : फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, फसफस करत, मग निखळ धार येईल. आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. तरीही न लागल्यास इंजेक्टरच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सोडून कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा. धारेसमोर हात धरू नका. मुलाला शाळेचा गणवेश घालून जवळ उभं करू नका. दुसरी सूचना आईची आहे.

पायरी सहावी : सुधारणा

इथे माणूस घसरतो. गाडी अजून धड सुरू नाही आणि तो मोबाइलवर विंच बघत बसलेला असतो. यादी ठरलेली : मोठे टायर, उंच कमानी, छतावर दिव्यांची पट्टी, पुढे बुलबार, आणि नदी ओलांडायला स्नॉर्कल. नदी कुठली, विचारलं तर ‘कोयना’ म्हणतो.

मोठ्या टायरचं ऐका. मूळचे ६.००-१६, उंची साधारण साडेअठ्ठावीस-एकोणतीस इंच. त्याजागी एकतीस इंची घातले की चाकाचा घेर सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे काटा पन्नास दाखवतो तेव्हा गाडी चौपन्नने पळत असते, आणि चढावर तीच बासष्ट हॉर्सपॉवर तेवढ्या प्रमाणात कमजोर होते. दिसायला वाघ, घाटात शेळी. ब्रेक मात्र आधीचेच.

त्यात कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. माझ्या यादीत अकरा बदल होते. सासरेबुवांनी पेन काढून गुणाकार केला, कागद घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. बुलबारवर तर केंद्राने २०१७च्या अखेरीसच बंदी घातली.

मग मूळ रूपातच ठेवून व्हिंटेज म्हणून नोंदवावी म्हटलं. २०२१च्या नियमानुसार त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, पण रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. आमची पन्नाशी २०३८मध्ये. कामाचा सध्याचा वेग बघता गाडी तयार व्हायला आणि बाहेर काढायची बंदी व्हायला एकच मुहूर्त सापडेल.

शेवटी मी एकच सुधारणा केली. हौद्याच्या फाळक्याला नवी साखळी लावली.

फोर बाय फोरबद्दल एक. त्याचा दांडा टाकलेला असताना कोरड्या डांबरी रस्त्यावर वळू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि या गाडीत तो फरक सोसणारं मधे काही नाही. सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. मग दांडा सुटत नाही, तुम्ही जोर लावता, आणि वस्ताद चहाची बशी खाली ठेवतात.

पायरी सातवी : पहिली फेरी

बाविसाव्या रविवारी गाडी निघाली. डिझेलचा काटा कधीच मेलेला, त्यामुळे टाकीत उसाचं कांडं बुडवून अंदाज घ्यायचा. अंदाज चुकला. मळ्याकडच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना ऊस, बरोबर मध्यात गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. कॅन होता, डिझेल ओतलं, पण रिकाम्या नळ्यांत एअर. बॉनेट उघडून मी हातपंप मारायला लागलो. फेस, फेस आणि फेस.

मागून ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याने तो बंद न करताच वरून गाडी न्याहाळली, हौद्यात डोकावला, नंबरची पाटी वाचली.

“पाव्हणं, इकायची हाय का?”

“नाही,” मी म्हणालो.

डाव्या सीटकडची काच अर्धीच खाली येते. तिथून बायकोचा आवाज आला, “चालू कंडिशन आहे, दादा. किरकोळ काम आहे फक्त.”